न बोललेलं तिसरं वाक्य

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

"प्रिय ताई, माझं वय ४३. वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचे बँकेचे व्यवहार मी बघायचो. त्याच काळात मी कर्जात बुडालो होतो. त्यांच्या ठेवीतून थोडे थोडे करत मी बरेच पैसे काढले आणि माझं कर्ज फेडलं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जाण्याच्या चार दिवस आधी माझा हात धरून म्हणाले, 'तू आहेस म्हणून मला काही बघावं लागत नाही.' धाकट्या बहिणीला वाटतं, सगळे पैसे आजारपणात संपले. या गोष्टीला सहा वर्षं झाली. देवाकडे किती वेळा क्षमा मागितली त्याची गणती नाही. उपास करतो, दर महिन्याला अनाथ मुलांसाठी गुपचूप पैसे पाठवतो. पण चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं की ते तसंच शेजारच्याकडे सरकवतो. देव पाप्यावर प्रीती करतो हे प्रवचनात ऐकतो. इतरांच्या बाबतीत ते खरं वाटतं, माझ्या बाबतीत नाही. माझ्या हातून ते चुकून घडलं नाही, ताई. दर वेळी विचार करून केलं. अशाला क्षमा आहे का? असेल तर मला ती जाणवत का नाही?"

प्रिय भाऊ,

सप्रेम सलाम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, त्यासाठी तुम्हाला शेवटापर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही. आहे. तुमच्यासाठी क्षमा आहे. विचार करून केलेल्या पापाला आहे, पुन्हा पुन्हा केलेल्या पापाला आहे, आणि ज्याची माफी मागायची तो माणूसच आता उरलेला नाही, अशा पापालाही आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, हे तुम्ही माझं मन राखायला लिहिताय. मग दावीद राजाची गोष्ट पुन्हा एकदा नीट वाचा. दुसऱ्या शमुवेलाचा अकरावा अध्याय. दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबेशी, त्याने व्यभिचार केला ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यातल्या एका तपशिलावरून आपण भरकन पुढे जातो. तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला पाठवायचं ठरल्यावर दावीदाने सेनापतीला पत्र लिहिलं आणि ते पत्र दिलं उरीयाच्याच हाती. उरीया ते घेऊन गेला. स्वतःच्या मरणाचा हुकूम तो स्वतः वाहून नेत होता आणि त्याला पत्ता नव्हता, कारण राजावर त्याचा विश्वास होता. यात चुकून घडलेलं काय आहे? बसून, विचार करून, शाईने लिहून केलेलं पाप आहे हे, आणि तेही विश्वास टाकणाऱ्याच्या हातूनच पार पाडून घेतलेलं. तुमच्या वडिलांचं ते वाक्य वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा उरीयाच आठवला. तुम्हाला सहा वर्षं काय टोचतंय ते मला कळलं, भाऊ. पैशापेक्षा तो धरलेला हात टोचतोय.

पुढे नाथान संदेष्टा दावीदापुढे उभा राहतो, त्याचं पाप त्याच्या पदरात टाकतो. दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. आणि नाथान लगेच, त्याच श्वासात सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय. मध्ये सहा वर्षं नाहीत, सहा दिवसही नाहीत. त्या पापाचे परिणाम दावीदाच्या घराला पुढे भोगावे लागले, ते टळले नाहीत. तेही नाथानाच्याच, म्हणजे बाराव्या अध्यायात आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण क्षमा परिणाम फिटेपर्यंत अडून राहिली नाही. उरीया तर मेला होता. त्याची माफी दावीद मागणार कुठे? मेलेल्या माणसाशी उरलेला हिशेब जिवंत माणसाला मिटवता येत नाही. तो उरीयाही ज्याच्या हाती आहे आणि दावीदही ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडेच जावा लागतो. ५१वं स्तोत्र दावीदाने याच प्रसंगानंतर रचलं असं त्याच्या शीर्षकातच म्हटलंय. तुमच्या वडिलांचा आणि तुमचा हिशेबही तिथेच नेऊन ठेवा. दुसरी जागा नाही.

आता तुमच्या उपासांबद्दल आणि त्या दरमहा पाठवल्या जाणाऱ्या पैशांबद्दल. मुलांना मदत करताय, करत राहा, त्यात वाईट काहीच नाही. पण त्यामागे काय चाललंय ते मला दिसतंय, आणि ते मी स्पष्ट बोलते. मत्तयाच्या १८व्या अध्यायातला तो कर्जबाजारी चाकर आठवतो? त्याच्यावर धन्याचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार करून बघा: ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबला, तरी फेडायला दोन लाख वर्षं लागतील. येशूने आकडा मुद्दामच असा घेतलाय की ऐकणाऱ्याने हातच टेकावेत. आणि हा चाकर पाया पडून काय म्हणतो? "मला मुदत द्या, मी सगळं फेडीन."

धनी मुदत देत नाही. मुदत मागितली होती, मिळाली सगळ्या कर्जाची सूट. दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मला नेहमी वाटतं की त्या चाकराला तो फरक कळलाच नाही. बाहेर पडल्या पडल्या तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. कदाचित त्याच्या मनात अजूनही "मला फेडायचंय" हेच घोळत असेल आणि म्हणून तो वसुलीला लागला असेल. हा माझा अंदाज आहे, दाखल्यात तसं लिहिलेलं नाही. पण तुमचं पत्र वाचताना तो पुन्हा डोळ्यांपुढे आला. तुम्ही सहा वर्षं देवाकडे क्षमा मागताय असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात तुम्ही मुदत मागताय. दर महिन्याचा हप्ता भरताय आणि पावती आली नाही म्हणून घाबरताय. अशी पावती यायची नाही, भाऊ, कारण त्या खात्यावर देवाने तुमच्या नावाने काही मागणंच ठेवलेलं नाही.

म्हणजे क्षमा फुकट का? तुम्हाला फुकट, देणाऱ्याला नाही. कर्ज माफ केलं की ते हवेत विरत नाही. ज्याने माफ केलं त्याच्या अंगावर तो तोटा बसतो. त्या धन्यानेही दहा हजार तालांत स्वतःच्या पदरचे घातले. वधस्तंभाबद्दल आपण इतकी गाणी म्हणतो, इतकं ऐकतो, की ही साधी गोष्ट नजरेआड होते: तिथे देवाने आपला तोटा स्वतः सोसला. पौल रोमकरांना लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. "असतानाच" या शब्दावर जरा थांबा. सुधारल्यावर नाही, उपास करून झाल्यावर नाही. तुम्ही पहिल्यांदा त्या चेकवर सही घेतलीत, त्या दिवशीच्या तुमच्यावर त्याची प्रीती होती.

उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही शंभरदा ऐकला असेल. तरी आज घरी लूकचा १५वा अध्याय काढा आणि एकच गोष्ट ताडून बघा. बापाकडून घेतलेला वाटा उधळून कंगाल झालेल्या त्या मुलाने डुकरं चारताना घरी जाऊन बोलायचं भाषण मनात जुळवलं. त्यात तीन वाक्यं होती. मी पाप केलंय. मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. मग घरी आल्यावर, बापाच्या मिठीत तो प्रत्यक्षात काय बोलला ते वाचा. पहिलं वाक्य आहे. दुसरं आहे. तिसरं नाही. बाप चाकरांकडे वळून झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला असं सांगायला लागलाय. मोलकऱ्याची जागा मागायला बापाने त्याला सवडच दिली नाही.

तुमचं ते तिसरं वाक्य सहा वर्षं चाललंय. ताट पुढे सरकवता तेव्हा तुम्ही तेच म्हणत असता: मला मुलाच्या जागी बसवू नका, बाहेर कुठेतरी राबू द्या, ते मला सोसेल. तुम्हाला ही नम्रता वाटते, हे मला समजतं. पण मोलकरी राहण्यात एक सोय असते. मजुरी केली, मजुरी घेतली, कुणाच्या प्रेमाचं ओझं नाही. मुलगा म्हणून घरात शिरायचं तर फुकट मिळालेलं प्रेम मुकाट्याने घ्यावं लागतं, आणि तुमच्यामाझ्यासारख्या हिशेबी माणसांना तेच सगळ्यात जड जातं.

तुम्ही विचारता, मग जाणवत का नाही? आपल्या भाषेतला शब्दच बघा. पश्चात्ताप. मागाहून होणारा ताप. शब्द मोठा सुंदर आहे, पण त्यामुळे आपला एक घोळ होतो: ताप किती चढला यावर आपण पश्चात्ताप मोजतो. आत जळत राहिलं म्हणजे तो खरा, थोडं निवलं की आपण ढोंगी. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोया, मन पालटणं. जुन्या करारात संदेष्टे जी हाक देतात तिच्यातलं हिब्रू क्रियापद शूव, त्याचा अर्थ सरळसरळ मागे फिरणं. घराकडे तोंड करून चालायला लागणं. चालणाऱ्याच्या अंगात ताप असेल किंवा नसेलही. मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात असताना तासन्तास पापनिवेदन करत बसायचा, बाहेर पडला की आणखी काही आठवून परत यायचा. ताप त्याच्याकडे भरपूर होता. त्याला शांती मिळाली ती देवाची कृपा कमवायची नसते हे रोमकरांस पत्रात उमगल्यावर.

आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं एक वाक्य तुमच्यासारख्यांसाठीच लिहिलंय असं मला वाटतं: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं, तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीत तुमचं मन येऊन बसलंय. त्याला साक्ष देण्याचा हक्क आहे. निकाल देण्याचा नाही.

इथपर्यंत वाचून तुमचा जीव थोडा हलका झाला असेल तर मला आनंद आहे. पण आता दुसरी बाजू, आणि ती सोपी नाही.

ज्या रात्री येशूला धरलं त्या रात्री दोन शिष्यांनी त्याला दगा दिला. यहूदाला नंतर पस्तावा झाला. येशूला धरून देण्यासाठी मिळालेली तीस नाणी घेऊन तो परत याजकांकडे गेला, मी निर्दोष माणसाचं रक्त दिलं असं त्याने कबूलही केलं. आणि ते काय म्हणाले? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. ज्यांचं काम पापी माणसाला देवापाशी नेण्याचं, त्यांनी त्याला दारातून हाकललं, आणि तो एकटा निघून गेला आणि त्याने जीव दिला. पेत्रानेही तीनदा येशूला नाकारलं, बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पण तो सोबत्यांमध्ये राहिला. तोंड दाखवायची लाज वाटत असणार, तरी राहिला, आणि येशू मरणातून परत आला तेव्हा तिथे सापडला. तुम्ही सहा वर्षं ही गोष्ट एकट्याने वाहिलीत, माझ्या आधी कुणाला सांगितली नाही, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. या आठवड्यात तुमच्या पाळकांना किंवा विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला समोरासमोर बसून सांगा. कॅथलिक बंधुभगिनींना यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे, आणि तिथे ऐकलेलं धर्मगुरूला कधीही, कुणापुढेही उघड करता येत नाही. आपल्याकडे तशी रीत नसली, तरी एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोबाने सगळ्यांनाच लिहिलंय. आणि कधी रात्री जगणं नको असं वाटलं, तर आठवडा सोडा, त्याच रात्री कुणाला तरी उठवा.

पेत्राचं पुढचं वाचा, योहानाच्या २१व्या अध्यायात. सकाळची वेळ, सरोवराचा काठ. येशूने कोळशांचा विस्तव केलाय, वर मासे ठेवलेत. कोळशांच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरी जागा म्हणजे प्रमुख याजकाच्या वाड्याचं अंगण, जिथे थंडीत हात शेकत उभा राहून पेत्र म्हणाला होता, मी त्याचा शिष्य नाही. तोच वास, तीच धग. आणि जितक्या वेळा नाकारलं, तितक्याच वेळा प्रश्न: तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं योहान लिहितो. वाटणारच. येशू त्याला "जाऊ दे, झालं गेलं विसर" म्हणाला नाही. जिथे घाव होता तिथेच हात ठेवला, आणि दर उत्तरानंतर त्याच्यावर मेंढरं सोपवली.

तुमचा कोळशांचा विस्तव म्हणजे तुमची बहीण.

तिच्या वाट्याचे पैसे तुमच्याकडे आहेत आणि तिला ते ठाऊक नाही. अनाथ मुलांना पाठवलेले पैसे तिचं देणं फेडत नाहीत. हे केल्याशिवाय देव क्षमा करणार नाही, असं मी म्हणत नाही. क्रम उलटा आहे. जक्कय जकातदार उंबराच्या झाडावर होता तेव्हा येशूने आधी सांगितलं, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. जक्कयाने लोकांकडून लुबाडलेलं चौपट परत देण्याचं बोलून दाखवलं ते त्यानंतर. स्वतःहून कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरून द्यावा, एवढंच मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलंय. चौपटीची सक्ती त्याच्यावर कुणी केली नव्हती. आपल्या घराची पायरी कुणीतरी प्रेमाने चढतंय म्हटल्यावर त्याची मूठ आपोआप सैल झाली. तुम्हालाही क्षमा मिळालीय म्हणूनच तुम्ही बहिणीसमोर उभे राहू शकाल. नाहीतर पाय उचलणार नाहीत.

जाताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. "देवाने मला माफ केलंय" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. हे मी अनुभवाने सांगते. फार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दुसरीकडे बोलले आणि तिचं मोठं नुकसान झालं. खूप प्रार्थना करून मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, देवाने मला क्षमा केलीय, आता तू पण कर. ती दार धरून उभी होती. म्हणाली, "माझ्या आधीच माफ करून टाकलं का त्याने? मला विचारलंही नाही?" आणि तिने दार लावलं. देवाची क्षमा खरीच होती, पण मी ती ढालीसारखी पुढे धरली होती. तिच्या दुःखाला उत्तर म्हणून ते वाक्य वापरायचा मला काही हक्क नव्हता. दोन वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा देवाचं नाव न काढता फक्त माझं चुकलं म्हणाले. तेव्हा तिने चहा टाकला.

बहिणीकडे जाण्याआधी हिशेब कागदावर मांडा, तारखेसकट, किती काढले ते. कर्ज कशाचं होतं, तुमच्यावर काय बिकट वेळ होती, हे तिने विचारलं तरच सांगा. परतफेड कशी करणार ते ठरवून जा आणि जमेल तेवढंच बोला. ती रडेल, ओरडेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. बाबांशी असं का वागलास असं विचारेल, आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नसेल. तिने तुम्हाला क्षमा करावी हे तुम्ही तिच्याकडून वसूल करू शकत नाही. शंभर दिनारांवाल्या त्या सोबत्याचा गळा आठवा. तिला लागेल तितका वेळ तिचा. आणि तिने दार लावलं, तर देवानेही लावलं असा अर्थ काढू नका.

राहिलं प्रभुभोजन. अयोग्य प्रकारे खाणाऱ्याबद्दल पौलाने करिंथकरांना जे बजावलं, त्या वचनाला भिऊन तुम्ही ताट सरकवत असणार. पण तो कुणाला रागावला होता? स्वतः आधी पोटभर जेवून गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांना. आणि पुढे तो म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून उठून जावं असं म्हणत नाही. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या छळात अनेक ख्रिस्ती माणसांनी जीव वाचवायला मूर्तींपुढे यज्ञ केले, काहींनी तसे दाखले विकत घेतले. छळ ओसरल्यावर ती माणसं मंडळीच्या दाराशी आली. नोव्हेशियन नावाच्या पुढाऱ्याचं म्हणणं होतं की अशांना पुन्हा घेताच येणार नाही. २५१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला तिथला बिशप सिप्रियन याच्या पुढाकाराने बिशप जमले आणि त्यांनी ठरवलं की प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घ्यायचं. मंडळी त्याच वाटेने चालत आली. तुम्ही ज्या बाकावर बसता तिथे तुमच्या आधी पुष्कळ उधळी मुलं बसून गेलीत.

अर्थात, भाऊबंदाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जा, असंही येशूने सांगितलंय. म्हणून तुम्हाला आधी बहिणीशी बोलायचं असेल तर मी अडवणार नाही. पण मग तारीख ठरवा. अर्पण ठेवून निघालेला माणूस वाटेत सहा वर्षं बसत नाही.

पहिलं वाक्य सुचत नसेल तर हे घ्या: "बाबांच्या पैशांबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती मी सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती." एवढं बोला, कागद तिच्यापुढे ठेवा, आणि मग तिला बोलू द्या.

त्या दिवशी सकाळी मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. कोणता दिवस ते तेवढं कळवा.

तुमची,
ताई